खरं की खोटं

जिंतूर रोडला, खताच्या दुकानावर
माझा वर्ग भरतो. खालून युरियाचा वास,
वर एकोणीस नर्सा आणि एक पंखा.
पहिल्याच दिवशी फळ्यावर कुणी लिहून ठेवलं होतं,
जगात जर्मनी, भारतात परभणी.
मी ते पुसलं नाही. त्याच्याखालीच
तारीख टाकली.

धडा तिसरा. चित्रात सूर्य, गोल, गालाला खळी पडलेला.
खाली वाक्य : आज हवा सुंदर आहे.
"मॅडम, छपाईची चूक दिसायली,"
आम्रपाली खिल्लारे म्हणाली. सेलूहून पॅसेंजरने येते,
तोंडाला बांधलेला स्कार्फ सोडायच्या आधी बोलते.
एप्रिल होता. बाहेर चव्वेचाळीस.
मी म्हटलं, पाठ करून टाका.

धडा पाचवा. गाडी सहा मिनिटं उशिरा आहे.
हेर म्युलर चिडले आहेत. का?
बराच वेळ कुणीच बोलेना.
मग मेहजबीन, हळूच :
"त्यांचं कुणी दवाखान्यात असंल."

जर्मनमध्ये 'खाते' आणि 'खायलेय' एकच.
हे त्यांना पटायला आठवडा गेला.
मला पुण्यात शिकताना अख्खं वर्ष गेलं,
कारण तिथे मी 'खायलेय' म्हटलं की
आधी मराठीलाच हसायचे.

मग आठव्या धड्यात फ्राउ लिंडनर आली.
वय एक्याऐंशी. एकटी राहते. एक मांजर.
संध्याकाळी थंड पाव, चीज, एक काकडी.
रविवारी मुलगा फोन करतो.
खाली विधान : फ्राउ लिंडनर मजेत आहे.
खरं की खोटं?

एकोणीस वह्या. एकोणीस वेळा खोटं.
शब्द अडले होते म्हणावं, तर एकही अडला नव्हता.
म्हटलं, धड्यातली ओळ दाखवा.
आम्रपालीनं थंड पावावर बोट ठेवलं.
मेहजबीन म्हणाली, फोन करतो म्हणजे येत नाही.
आणि मुक्ता घनसावंत, जी कधी बोलत नाही :
"काकडी एकच हाय, मॅडम.
बाजारातून एक काकडी कोण आणतंय?"

उत्तरं पुस्तकाच्या शेवटी, उलटी छापलेली.
तिथे होतं : खरं.
मी एकोणीस लाल फुल्या मारल्या.
मी, जिनं जर्मनी पाहिलेली नाही,
जी बर्फाचा धडा आला की
फ्रीजरमधला खरवडून वाटीत आणते
आणि जिना चढेपर्यंत ते पाणी झालेलं असतं.

घरी पोचले तर शेजारच्या डुकरे काकूंनी विचारलं,
जेवलात का? मी हो म्हटलं.
जेवले नव्हते. त्यांनाही ते ठाऊक होतं.
या संवादावर प्रश्न काढला तर
उत्तरसूचीत काय छापतील?

दीड वर्षानं आम्रपालीचा आवाज आला, मोबाइलवर,
कासेलच्या वृद्धाश्रमातून, रात्रपाळी संपवून.
"मॅडम, इथं एक आजी हायेत. पहिल्याच दिवशी
मी त्यांच्या पलंगावर बसले, विचारलं, जेवलात का?
त्या म्हणाल्या, ते फायलीत लिहिलंय.
आणि जाताना दार लावून घ्या म्हणाल्या.
रागात नव्हत्या. मी चारदा आठवून पाह्यलं,
रागात नव्हत्या.

काल ऊन पडलं, अकरा दिवसांनी.
सगळे म्हातारे खुर्च्या ओढत भिंतीशी गेले.
मीपण गेले. आपसूक डोळे मिटले.
मॅडम, तिसऱ्या धड्यातली ती छपाईची चूक नव्हती.
आठव्याचं मात्र अजून नक्की सांगता येईना."

नवी बॅच. तेच पुस्तक, तोच पंखा.
बावीस वह्यांत एकवीस वेळा खोटं.
एकटीनं लिहिलं होतं : खरं.
शिवकांता, मानवतची, लग्नाला तीन वर्षं.
म्हटलं, ओळ दाखव.
तिनं वही पोटाशी धरली. मग म्हणाली,
"घरात अकरा माणसं हायेत, मॅडम.
अन् तिला बघा की.
अख्खी काकडी."